पाण्यातला वाकून नमस्कार

पाठीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी पोहणं सांगितलं, तेव्हा मी मनातून खूशच झालो. पोहायला मी शिकलो ते मामाच्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. तिथे नियम एकच. मुटका मारायच्या आधी खाली कुणाचं डोकं नाही ना, तेवढं बघायचं. बाकी कुणी कुठेही पोहावं. विहीर गोल, त्यामुळे डावं-उजवं हा प्रश्नच नव्हता.

आता पुण्यातल्या एका तलावावर सकाळी सहाची बॅच. टोपी सक्तीची (माझ्या डोक्यावर झाकण्यासारखं काही उरलेलं नाही, हे कारण चालत नाही). उतरण्याआधी शॉवरही सक्तीचा. तलावाच्या उग्र वासाला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, पण तो खरं तर क्लोरीन आणि लोकांचा घाम, शिवाय घामाहून वाईट गोष्टी, यांच्या संगमाचा असतो. हे कळल्यापासून मी इतरांच्या शॉवरवर बारीक लक्ष ठेवून असतो.

ऑलिंपिकच्या तलावात लेन अडीच मीटर रुंद असते आणि शर्यतीत तीत एकच माणूस पोहतो. आमची लेन त्याहून चिंचोळी आणि माणसं सहा. पहिल्या दिवशी कोच म्हणाले, "रस्त्यासारखं. डावीकडून जायचं, डावीकडून यायचं." पुण्यात हे उदाहरण द्यायला नको होतं. एक जण तळाच्या काळ्या पट्टीवरून, एक राँग साइडने, आणि बटरफ्लाय मारणारा एक पोरगा उसाच्या ट्रॅक्टरसारखा दोन्हीकडून बाहेर आलेला. तिसऱ्या टकरीनंतर कोचनी उदाहरण बदललं. "देवळात प्रदक्षिणा घालता ना? तशीच. काळी पट्टी म्हणजे देव. देव उजव्या हाताला ठेवायचा." लेन तत्क्षणी सुरळीत झाली. सिग्नल तोडणाराही उलटी प्रदक्षिणा घालायला धजत नाही.

भिंतीपाशी दम खायचा तर कोपऱ्यात सरकून उभं राहायचं, हा नियम मात्र कुणाच्या गळी उतरला नाही. तिथे मधोमध तिघांची एफडीच्या व्याजदरांवर बैठक चालते. वळायला मी हात पुढे करतो, तर भिंत लागत नाही, पोट लागतं.

पण खरी पंचाईत ओव्हरटेकची. त्याची रीत अशी, की पुढच्याच्या तळव्याला हलकेच बोट लावायचं. मग त्याने भिंतीपर्यंत जाऊन बाजूला व्हायचं आणि आपल्याला पुढे सोडायचं. ही रीत ज्यांनी काढली, त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांच्या पाया पडत नसावेत. माझ्यापुढे होते सत्तरीचे एक काका. स्ट्रोक बेडकाचा, वेग दिंडीचा. चार फेऱ्या मी धीर धरला आणि पाचव्या फेरीला तळव्याला बोट लावलं. काका जागच्या जागी उभे राहिले, गॉगल कपाळावर चढवला आणि वळून म्हणाले, "अहो, असू दे, असू दे! औक्षवंत व्हा." तेवढ्यात मागच्याचं डोकं माझ्या पाठीत बसलं. दुखऱ्याच जागी.

उलटही होतं. बेडूक स्ट्रोकमध्ये पाय बाहेर फाकतो आणि मागच्याच्या बरगडीत बसतो. काकांचा माझ्या बरगडीत बसला. संस्कारी माणूस, लगेच थांबले, माझ्या खांद्याला हात लावून तो स्वतःच्या छातीला लावला. मीही गडबडून तेच केलं. एकमेकांना असे नमस्कार घालत आम्ही दोघं पंधरा मीटरवर उभे, आणि मागे चौघांचा ट्रॅफिक जाम. लाइफगार्डची शिट्टी वाजली तेव्हा कुठे आमचा विनय आवरला.

शेवटी कोचनीच काकांना बाजूला घेऊन ते बोट लावणं म्हणजे काय, ते समजावलं. काका मन लावून ऐकत होते.

परवा पाठ जरा जास्तच धरली होती, म्हणून मी सावकाश हात मारत होतो. पायाला काहीतरी लागलं. दुर्लक्ष केलं. पुन्हा लागलं, या वेळी दोनदा, अगदी अदबीने. वळून बघतो तर काका. सत्तरीचा माणूस माझ्या पायाला हात लावून विचारतोय, "पुढे जाऊ का?"

"अहो काका, काय हे!" म्हणत मी लेनच्या मधोमध उभा राहिलो आणि दोन्ही हात जोडले. समोरून बटरफ्लाय येत होतं.