फोन घेणाऱ्याकडं कोण बघणार?

काल रात्री अशोक चौकातल्या कट्ट्यावर चहा गार होऊन गेला तरी कोणी उठायला तयार नव्हतं, कारण आमचा बाळ्या मानसिक आधाराच्या ज्या हेल्पलाइनवर फोन घेतो तिथल्या प्रमुख मॅडम सोडून चालल्यात आणि त्यांच्या जागी कोण यावरून जी जुंपली ती जुंपलीच.

मास्तर म्हणाले मोठा सायकियाट्रिस्ट आणा, नावाला वजन असलं की निधी येतो. अण्णांचे चार माग आहेत, त्यांचं म्हणणं वेगळंच, "डॉक्टर कशाला बे, शिफ्टा नीट लावणारा माणूस बघा, रात्री दोनला फोन वाजला आणि उचलला नाही तर त्या नावाचं काय करायचंय?"

अण्णांचं मला पटलं, अर्धं. पण मास्तरांना म्हटलं, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात मोठ्या माणसांत शंभरातल्या दहाजणांना मानसिक आजार दिसला आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते, एवढे डॉक्टर आणणार कुठून? सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, तिथंपण फोन आधी ट्रेनिंग घेतलेला काउन्सेलर घेतो, गरज पडली तरच पुढं डॉक्टर.

आणि लंडनचे चॅड व्हारा, पाद्री होते, १९५३ मध्ये चर्चमध्ये एक फोन ठेवून समॅरिटन्स नावाची अशीच हेल्पलाइन सुरू केली. लोक त्यांना भेटायला यायचे, बाहेर बसायचे, तिथं चहा देणारे स्वयंसेवक त्यांचं ऐकून घ्यायचे, आणि कित्येकजण आत न जाताच हलके होऊन परत जायचे. हे त्यांच्या लक्षात आलं आणि पुढच्याच वर्षी ऐकायचं काम त्यांनी स्वयंसेवकांवर सोपवलं, स्वतः त्यांची निवड आणि देखरेख बघायला लागले. मला यालाच लीडरशिप म्हणावंसं वाटतं.

बाळ्या इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मागं एकदा एका पोराचा फोन पाऊण तास चालू होता आणि मधेच कट झाला. परत लागेना. माझे हात कापत होते, पुढचा फोन वाजत होता. मॅडमनी माझा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला, मला म्हणाल्या बाहेर जाऊन बस, पाणी पी. शिफ्ट संपल्यावर अर्धा तास माझ्यापाशी बसल्या, तू काय चुकलास असं एकदापण विचारलं नाही, तुला काय वाटतंय एवढंच विचारलं."

कोणीच काही बोललं नाही. मास्तरांनी चष्मा पुसला.

तरी ते हटले नाहीत, "अरे पण अशा बाई शोधायच्या कशा, जाहिरातीत काय लिहिणार?" बाळ्या म्हणाला लिहा की, महिन्यातून दोन रात्रपाळ्या स्वतः फोनवर बसणार आणि एकाही काउन्सेलरला अवघड फोननंतर एकटं घरी पाठवणार नाही. मास्तर म्हणाले असलं कागदावर बसत नाही. मी म्हटलं बसवायला पाहिजे मास्तर, नुसते कॉल मोजणारा माणूस आला तर वर्षात निम्मी पोरं सोडून जातील, मग अण्णांच्या शिफ्टा लावायच्या कुणाच्या?

अण्णा मधेच बाळ्याला हळू आवाजात विचारायला लागले, "ते १४४१६ वर तेलुगूत बोलतात का रे? माझ्याकडं एक माणूस आहे, चार दिवस झाले मागावर नुसता बसून राहतोय."

"बोलतात अण्णा," बाळ्या म्हणाला, "पण आधी तुम्ही त्याच्याशेजारी जाऊन बसा. मी येतो सकाळी."