खंड्याच्या पसरलेल्या निळ्याबद्दल

नमस्कार. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलेला अभिप्राय कालपासून चार वेळा वाचला, सोबतचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खंड्या पक्ष्याच्या गोल पॅनेलमध्ये निळा रंग पंखाची रेघ सोडून लाकडात पसरलाय, पांढऱ्या छातीवर काळे ठिपके आहेत, चार महिन्यांत पोटाच्या कडेला केसाएवढी फट पडलीय, पांढरा पिवळट व्हायला लागलाय, आणि ‘रंगीत लाकूड सांगून प्लास्टिक गळ्यात मारलं’. पार्सल आठवडाभर उशिरा आलं, हेही.

तक्रार सगळ्यांसमोर आहे आणि तिच्यातलं बरंचसं खरं आहे, म्हणून उत्तरही इथेच देते.

आधी निळ्याचं. ते काम माझ्याच हातचं. मेपलच्या फळीत स्क्रोल सॉने, म्हणजे बारीक पात्याच्या नक्षीच्या करवतीने, चित्र कापायचं आणि त्या कापांत रंग मिसळलेलं एपॉक्सी रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारा द्रव, भरायचा, असं हे पॅनेल आहे. स्क्रोल सॉचं पातं नक्षीतून वळतं तेव्हा कापाची भिंत कुठे लाकडाच्या रेषांच्या बरोबरीने जाते, कुठे त्यांना आडवी. आडव्या कापात लाकडातल्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी पडतात, स्ट्रॉची जुडी मधोमध कापावी तशी. तिथे रंगवलेलं पातळ रेझिन ओतलं की टिपकागदात शाई चढावी तसं ते आत शिरतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत हे अगदी स्वच्छ दिसतं. पंखाच्या टोकाशी काप आडवा आहे आणि तिथून दोन-तीन मिलिमीटर लांबीचे निळे केस मेपलमध्ये गेलेत. त्याच पंखाच्या लांब कडेला काप रेषांच्या बरोबरीने आहे, तिथली रेघ मात्र धारदार आहे. रंग तोच, रेझिन तेच, दिवसही तोच.

यावरचा उपाय या कामातल्या प्रत्येकाला माहीत असतो, मलाही आहे. रंग भरण्याआधी कापाच्या भिंतींना लाखेच्या पॉलिशचा किंवा बिनरंगी एपॉक्सीचा पातळ हात द्यायचा, तो पूर्ण सुकू द्यायचा, मगच रंग ओतायचा. मी पॅनेलच्या दर्शनी बाजूला दोन हात दिले. भिंतींना दिला नाही. पंखातल्या पिसांच्या फटी जेमतेम मिलिमीटरभर रुंद, त्यात ब्रश जात नाही. सुईच्या पिचकारीने थेंब थेंब सोडावा लागतो. ती खटपट मी टाळली. त्यात रंगही पातळ शाईचा घेतला, कारण तो काचेसारखा आरपार दिसतो आणि खंड्याच्या पाठीला तसाच निळा शोभतो असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं. पावडरचा रंग कणांचा असतो, तो इतका आत पळत नाही. शाईचा रंग वापरायचा तर भिंती बंद केल्याच पाहिजेत. चूक माझी.

काळ्या ठिपक्यांचं मूळही तिथेच आहे. उघड्या भिंतीतली हवा रेझिनमध्ये येते. एपॉक्सी जमताना स्वतः तापतं, त्याने लाकडात अडकलेली हवा फुगते आणि बुडबुडा होऊन वर येते. हीट गन फिरवून वरचे बुडबुडे फोडता येतात, पण रेझिन घट्ट व्हायला लागल्यावर आलेला बुडबुडा तिथेच राहतो. घासल्यावर त्याचं टाचणीच्या टोकाएवढं भोक उघडं पडतं. आता तुमच्या पॅनेलची कड अक्रोडाच्या लाकडाची. ती बसवून झाल्यावर मी सगळं एकत्र घासलं आणि अक्रोडाचा काळपट भुसा थेट त्या भोकांत जाऊन बसला. निळ्यात तो दिसला नाही, पांढऱ्यात लपायला जागा नव्हती. पाठवण्याआधी मी पॅनेल दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं होतं. ठिपके दिसले होते, ‘भिंतीवर लांबून कळणार नाहीत’ म्हणून पुढे पाठवलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं तसं लिहिते.

फटीबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. ‘स्वस्तातला गोंद वापरला म्हणून सुटलं’ असं तुम्ही म्हणता. तिथे गोंद नाहीच. मागच्या बाजूला पॅकिंग टेप लावून एपॉक्सी सरळ कापात ओतलेलं आहे, तेच भराव आणि तेच चिकटवण. सुटलंय ते लाकूड हललं म्हणून. अखंड लाकूड हवेतल्या ओलाव्यासोबत रुंदीच्या दिशेने फुगतं नि आकसतं, लांबीच्या दिशेने जवळपास नाहीच. कठीण मेपलची साध्या सपाट कापाची 30 सेंटीमीटर रुंद फळी घेतली आणि तिच्यातला ओलावा 4 टक्क्यांनी बदलला, तर रुंदीत साधारण 4 मिलिमीटरचा फरक पडतो. रेझिन तिच्या बरोबरीने हलत नाही. मग जिथे पकड सर्वांत कमजोर, तिथे फट. तुमच्या पॅनेलमध्ये ती पोटाखाली पडली, तिथला भराव सर्वांत रुंद आहे.

तरीही यातून मी सुटत नाही. तुम्ही ऑर्डर देताना ‘प्लायवूड नको, अखंड लाकूड हवं’ म्हणालात आणि मी लगेच हो म्हटलं. एवढ्या रुंद नक्षीला चांगल्या प्लायवूडचा गाभा आणि वर मेपलचं व्हेनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, हेच योग्य, कारण प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असतात आणि एकमेकांना हलू देत नाहीत. प्लायवूड म्हणजे हलका माल अशी समजूत आहे. स्क्रोल सॉच्या जाळीकामात ते बहुतेक वेळा जास्त शहाणपणाचं असतं, कापांमधल्या लाकडाच्या बारीक पट्ट्या तुटत नाहीत ते वेगळंच. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता ‘प्लास्टिक’. हो, घट्ट झालेलं एपॉक्सी हे एक प्रकारचं प्लास्टिकच आहे. वस्तूच्या वर्णनात मी ‘रंगीत भराव’ एवढंच लिहिलं होतं. फसवायचा हेतू नव्हता, पण वाचणाऱ्याला त्यातून लाकूडही समजू शकतं, हे तुमचा अभिप्राय वाचून लक्षात आलं. काल रात्रीच तिथे ‘रंग मिसळलेलं एपॉक्सी रेझिन’ असं स्पष्ट लिहिलं. खरंच लाकडात लाकूड भरायचं काम वेगळं असतं: दोन रंगांच्या फळ्या एकावर एक ठेवून सॉचं टेबल किंचित तिरकं करायचं, म्हणजे खालून कापलेला तुकडा वरच्या भोकात पाचरीसारखा घट्ट बसतो आणि पात्याच्या जाडीची फट उरत नाही. 6 मिलिमीटर जाडी आणि बारीक पातं असेल तर हा कल तीन-साडेतीन अंशांचा येतो. अर्धा अंश चुकला तरी तुकडा एकतर वर राहतो नाहीतर खाली घुसतो. फार सुंदर काम आहे. पण खंड्याचा निळा कुठल्या लाकडात सापडत नाही, त्यासाठी रंगवलेलं व्हेनियर घ्यावं लागतं.

पांढरा पिवळट होतोय त्याचं कारण तुमच्या पहिल्या फोटोतच आहे, पॅनेल खिडकीसमोर आहे. एपॉक्सी उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं. त्याला जपणारी द्रव्यं रेझिनमध्ये असली तरी ती वेग कमी करतात, थांबवत नाहीत, आणि साध्या काचेतून यातले बरेच किरण आत येतात. सोबत काळजीची चिठ्ठी पाठवायला हवी होती. आता प्रत्येक खोक्यात जाते. उशिराबद्दल क्षमस्व, एवढंच. भराव 24 तासांत कडक लागला तरी मी तिसऱ्या दिवसाआधी घासत नाही, तो धरून तारीख द्यायला हवी होती.

हे पॅनेल दुरुस्त होणार नाही. फट भरता येईल, पण आत शिरलेला निळा घासून जात नाही, जितकं घासू तितका खाली तो असतोच. म्हणून एकतर सगळे पैसे परत, किंवा नवीन पॅनेल: प्लायवूडचा गाभा, भिंती आधी बंद, आणि अक्रोडाची कड सगळं घासून झाल्यावर शेवटी. जुनं परत पाठवायची गरज नाही. तोवर ते खिडकीसमोरून काढा आणि थिनर, अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिटने पुसू नका. वरचं पॉलिश लाखेचं आहे, स्पिरिटने विरघळेल.

नवीन पॅनेल हवं असेल तर आधी मेपलच्या दोन छोट्या चकत्या पाठवते. एकीत शाईचा आरपार निळा, दुसरीत पावडरचा. दोन्हींत आडवा काप मुद्दाम ठेवलेला असेल, त्याची कड भिंग लावून बघा आणि कुठला हवा ते कळवा.