धबधब्याचं सुशोभीकरण

निसर्ग चांगला आहे पण अपुरा आहे, एवढं एकदा मनाशी पक्कं करा. मग पुढचं काम सोपं. आता आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचंच घ्या. कणकुंबीत मलप्रभा उगम पावते, जांबोटीच्या रानात म्हादई वज्रपोहाच्या दरीत उडी घेते, चार महिने पाऊस उसंत देत नाही. पण सिमेंटचा वाघ कुठेय? 'आय लव्ह' लिहिलेली लाल अक्षरं कुठायत? पाहुण्याने यावं तरी कशाला? तेव्हा एखाद्या कड्यावर पर्यटक केंद्र उभारायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर अनुभवाचे चार शब्द ऐका.

जागा बघायला एकट्यानेच हिंडू नका. गाडी जिथे थांबते तिथे उतरा, सगळ्यात सुंदर देखावा कुठून दिसतो ते विचारा आणि बरोबर त्याच जागी इमारत ठोका. आत बसलेल्याला धबधबा दिसेल, बाकीच्या सगळ्यांना इमारत. श्रीलंकेत जेफ्री बावा नावाचे एक वास्तुविशारद होऊन गेले. सिगिरियाच्या त्या अजस्र खडकापाशी हॉटेल बांधा म्हटल्यावर या गृहस्थांनी ती जागाच नको म्हटली. लांब कंडलमा तलावाच्या काठी, डोंगराच्या कड्याला बिलगून हॉटेल बांधलं आणि वरून वेली सोडल्या. 1994 साली ते सुरू झालं. आज इमारत रानात शोधावी लागते आणि सिगिरिया तलावापलीकडे, क्षितिजावर दिसतो. सांगा, उद्घाटनाचा फोटो काढायचा तर नेमका कशाचा? आपल्याकडे या माणसाचं पहिलं बिलसुद्धा पास झालं नसतं.

साहित्य निवडताना गावाकडे अजिबात बघू नका. आपल्या भागात जांभा मिळतो. जमिनीत असतो तोवर मऊ, चिरे तासून काढावेत आणि वाऱ्यावर ठेवावेत, की कडक होतो. खानापूरची कौलं तर घराघरावर आहेत. पण या दोन्हींचं बांधलंत तर इमारत गावातल्या घरासारखी दिसणार, आणि गावातलं घर बघायला तिकीट कोण काढणार? काच लावा. पश्चिमेकडून झड आली की तिच्यावर हिरवं शेवाळ चढतं, तेही निसर्गाशी एकरूप होणंच म्हणायचं. छप्पर मात्र सपाट स्लॅबचंच हवं. पहिल्या पावसात ते गळतं, मग त्यावर पत्रा मारता येतो. म्हणजे स्लॅबचं एक टेंडर, पत्र्याचं दुसरं. उतरत्या कौलांवर एकच काम निघतं हो, त्यात कोणाचं भागतं?

आणि कठडा! कठड्याकडे कधी दुर्लक्ष करू नका. गेल्या श्रावणात भाच्याला घेऊन अशाच एका 'विकसित' ठिकाणी गेलो होतो. नाव सांगत नाही, जाल आणि बिघडाल. दरीच्या काठाने बांबूचा कठडा होता. हात लावला तर सिमेंट. पण काय कारागिरी! एकेका पेराला तपकिरी रेघ, मध्ये हिरवा शेड, फटींवर पिवळा ठिपका. एक पेर फुटलं होतं, आतून गंजकी सळई बाहेर आली होती आणि तिच्या बुडाशी एका खेकड्याने संसार थाटला होता. कठड्यामागे चिव्याची, म्हणजे खऱ्या बांबूची, खुंटं दिसली, ओळीने, जमिनीसरशी छाटलेली. भाच्याने विचारलं, "मामा, खरं तोडून खोटं का लावलं?" मी म्हटलं, "अरे, खऱ्याला रंग देता येत नाही." ज्या बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूचं गाव, तिथल्या माणसाने एवढा आदर दाखवलाच पाहिजे.

काय करू नये हे बघायचं असेल तर गोकाकला जाऊन या. घटप्रभा तिथे 52 मीटर खाली कोसळते. काठावर चालुक्य शैलीचं महालिंगेश्वराचं देऊळ आहे. इतकी वर्षं झाली, तरी धबधब्याच्या आड येत नाही. नदीवरचा झुलता पूल साधारण 200 मीटर लांब, पण तारांवर नुसता लोंबकळतोय, स्वतःचा म्हणून काही थाट नाही. ना कमान, ना कारंजं, ना त्या पुलाला गुलाबी रंग. एवढ्या मोठ्या संधीची माती केली म्हणायचं.

प्रकाशयोजना भरपूर ठेवा. भीमगड अभयारण्य 190 चौरस किलोमीटरचं, 2011 साली जाहीर झालं आणि अजून रात्री तिथे अंधार असतो. तिथल्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं. जगात फक्त याच गुहेत ते सापडतं, असं कित्येक वर्षं मानलं जायचं. एवढा नामांकित रहिवासी आणि दारात दिवासुद्धा नाही. रंग बदलणारे दिवे लावायचा प्रस्ताव अजून कोणी कसा दिला नाही, याचं नवल वाटतं. (हे वाचून कोणी देईल, म्हणून आवाज जरा खाली घेतो.)

पाटीबद्दल थोडक्यात, कारण विषय नाजूक आहे. कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड असा दंडक. उरलेल्या 40 टक्क्यांत मराठी बसवायची की इंग्रजी, यावर बैठका होतील, निवेदनं जातील, एका रात्री पाटीला काळं लागेल. या सगळ्यात 'पाणी खोल आहे, उतरू नका' एवढं लिहायचं राहून जातं. राहू द्या.

आता शेवटचं अतिक्रमण. प्रत्येक धबधब्यापाशी एक चहावाले मामा असतात. निलगिरीचे चार डांब, वर ताडपत्री, त्यावर गवत, बसायला फळी. सगळं बांधकाम वळणाच्या उतारात असं लपलेलं, की चहाचा वास येईपर्यंत दिसत नाही. "या की ओ, हितं बसा, हितनं पाणी सरळ दिसतंय," म्हणतात. दिसतंही. म्हणूनच ही टपरी पहिल्याच दिवशी उठवा. त्या जागी तिकीटघर घ्या, खिडकी पार्किंगकडे.

आमच्या मामांना उठवलं, तर ते कुंपणाबाहेर पन्नास पावलांवर जाऊन बसले, तेच चार डांब घेऊन. साहेब पाहणीला येतात तेव्हा चहाला तिथेच थांबतात. फळीवर बसतात ते नव्या इमारतीकडे पाठ करून.