आवाज गेला की नाही?

डिस्क ब्रेकला तेल घातलं की सायकल छान चालते. थांबत नाही, एवढंच.

हे ज्ञान मला आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी झालं. लिव्हर नेहमीसारखीच टणक लागत होती, बोटांना काही वेगळं जाणवत नव्हतं, आणि सायकल मात्र वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे अगदी शांतपणे निघाली होती. शांतपणे हा शब्द महत्त्वाचा आहे. खुर्चीत वॉचमन नव्हता, त्याचा डबा होता. त्यात भेंडी होती.

लिव्हर स्पंजासारखी हँडलपर्यंत आत जात असेल, तर होजमध्ये, म्हणजे ब्रेकच्या नळीत, हवा शिरलेली असते किंवा कुठेतरी गळती असते. लिव्हर टणक आहे आणि तरीही सायकल थांबत नाही, तर चकतीला धरणाऱ्या पॅडवर बहुधा काहीतरी तेलकट गेलेलं असतं. मी वाकून रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. शिलाई मशीनचं तेल. तो वास चुकणं शक्य नाही. लहानपणी दिवाळीच्या आधी आठ दिवस घरभर असायचा.

आमच्याकडे शिलाई मशीन फक्त तळमजल्यावरच्या काकांच्या घरी आहे, आणि काकांच्या झोपायच्या खोलीची खिडकी पार्किंगमध्ये उघडते. दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यात कशासाठी राखीव आहे हे सांगायला नको. माझा ब्रेक गेले पंधरा दिवस किंचाळत होता, हे मी मान्य करतो. पावसाळ्यातला चिखल पॅडमध्ये बसला होता, आणि त्यात मी लांबच्या उतारावर ब्रेक सोडून-धरून न वापरता नुसता चेपून धरला होता. असं केलं की पॅडचा पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि रोटरवर थरथरायला लागतो. ती थरथर म्हणजे किंचाळी. उपाय सोपा आहे. पॅड काढायचे, सपाट फरशीवर मध्यम पॉलिश पेपर ठेवून त्यावर आठचा आकडा काढत घासायचे, चकाकी गेली की थांबायचं. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा. रोटरचे सहा स्क्रू टी२५ या चांदणीच्या तोंडाच्या पान्यानं तपासायचे, कारण त्यातला एक जरी सैल असला तरी आवाज येतो. हे सगळं मी रविवारी करणार होतो. काकांनी शनिवारी केलं.

दार काकांनीच उघडलं. चेहऱ्यावर उपकारकर्त्याचा विनय.

“काय, आवाज गेला की नाही?”

“काका, आवाज गेला. ब्रेकपण गेला.”

“ब्रेक कसा जाईल? ब्रेकला मी हातसुद्धा लावलेला नाही. त्या चकतीला फक्त तेल दिलं.”

“ती चकती म्हणजेच ब्रेक.”

“मग रबरं कुठायत?”

“याला रबरं नसतात.”

काकांनी चष्मा कपाळावर घेतला. “म्हणजे कंपनीनं रबरंच दिली नाहीत, आणि तू तशीच घेऊन आलास?”

मी कॅलिपर दाखवला. आत दोन पॅड असतात, ते दोन्ही बाजूंनी चकतीला चिमटीत धरतात, हे बोटांनी करून दाखवलं.

“हां. म्हणजे धातूवर धातू घासतो. मग तिथं तेल नको?”

“काका, ते घासण्यासाठीच आहे.”

“झिजेल अशानं.”

“झिजण्यासाठीच आहे.”

काका माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं एकच रॉड ब्रेकची काळी सायकल वापरलेल्या माणसासमोर, आपण पैसे देऊन झिजणारी वस्तू आणली आहे, हे वाक्य उच्चारल्यावर माझं मलाच कसंतरी वाटलं. आणि मग मी ती चूक केली. विषय तांत्रिक केला की माणसं गप्प बसतात असा माझा समज होता.

“शिवाय हा हायड्रॉलिक आहे. लिव्हर दाबली की आतलं तेल पिस्टन ढकलतं.”

“आत तेल आहे?”

“आहे.”

“मग बाहेर दोन थेंब लागलं तर काय बिघडलं?”

आतून काकू म्हणाल्या, “अहो, दोन थेंब कुठले? अर्धी कुप्पी संपली माझी.”

“पुढच्यालाही घातलं ना,” काका म्हणाले, “एकाला घालायचं आणि एकाला नाही, असं कसं?”

समान न्यायाच्या या तत्त्वामुळे पुढचाही ब्रेक गेला, आणि सायकल थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. निघताना काका म्हणाले, “तेलाचे पैसे राहू देत.”

काकांच्या बाजूनं एक सांगायला हवं. त्यांच्या सायकलीत ब्रेक रिमवर आणि तेल चाकाच्या मधल्या हबमध्ये. हबला त्यासाठी छोटं भोक आणि त्यावर पत्र्याची पट्टीही असायची. तिथं तेल घालणं म्हणजे सायकलीची निगा. आता ब्रेकच हबवर येऊन बसलाय, तर हात सवयीनं तिथंच जाणार. आतलं तेल कुठलं, हा प्रश्न मात्र काकांनी विचारला नाही ते बरं झालं. शिमानो, टेक्ट्रो, मॅगुरा या कंपन्यांच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असतं; होप, हेस आणि स्रॅमच्या बऱ्याच मॉडेलांत डॉट फ्लुइड, म्हणजे मोटरसायकलीत असतं ते ब्रेक ऑइल. एकाच्या जागी दुसरं भरलं तर आतले रबरी सील फुगतात आणि सगळा ब्रेक बाद होतो. मोटरसायकलवाल्या मेकॅनिकला ब्लीडिंग, म्हणजे तेल भरून आतली हवा काढायला, द्यायचं असेल तर आधी लिव्हरवरचं झाकण वाचा. त्याच्याकडे डॉटच असतं, आणि तो तेच भरतो. आत्मविश्वासानं भरतो.

तर पॅड. पॅड सच्छिद्र असतो, तेल पितो. लोक गॅसवर भाजतात, घासतात, पेट्रोलमध्ये बुडवतात. मी यातलं एक करून बघितलं, स्वयंपाकघरात जो धूर झाला त्याबद्दल घरी वेगळं ऐकलं, आणि पॅड तिसऱ्या उतारावर पुन्हा तेल सोडायला लागले. रेझिन पॅडमध्ये राळेसारखा बांधणारा पदार्थ असतो. भाजला की तोच जळतो. एकदा तेल प्यालेला पॅड फेकून द्यावा. रोटर मात्र वाचतो: आधी भांड्यांचा साबण आणि गरम पाणी, मग अल्कोहोल, आणि दर वेळी नवा फडका. फडका काळा व्हायचा थांबेपर्यंत. जुन्या बनियनचा फडका घेणार असाल तर तो आधी चेनला वापरलेला नाही ना, ते बघा.

नवे पॅड आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं, “कुठल्या गाडीचे?” सायकलीचे म्हटल्यावर “डिस्कवाल्या सायकलीचे ना, मग सगळे सारखेच.” सारखे नसतात हो! एकाच एव्हिड कंपनीच्या बीबी५ ब्रेकचा पॅड बीबी७ ला बसत नाही. ऑनलाइन तर ‘युनिव्हर्सल’ नावाचा एक पॅड मिळतो, तो विश्वातल्या कुठल्याच कॅलिपरला बसत नाही. कॅलिपरवर मॉडेल नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून न्यायचा, आणि जुना पॅड खिशात ठेवायचा. शिमानोच्या साध्या दोन पिस्टनच्या ब्रेकना पूर्वी बी०१एस यायचा, मग बी०३एस, आता बी०५एस. पाठीचा आकार तोच, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालतो. दुकानदार म्हणाला, “नाही बसला तर कानस मारू.” त्याच्यामागच्या भिंतीवर ‘ड्युअल डिस्क’ असं मोठ्ठं लिहिलेल्या सायकली ओळीनं टांगलेल्या होत्या. ज्याचे पॅड ठेवायचे नाहीत ते विकायचं तरी कशाला, हा प्रश्न मी गिळला. इथं विनोद करायचा होता, पण खरं सांगायचं तर नुसता राग येतो. डिस्क ही आपल्याकडे स्टिकरसारखी विकली जाते. एका वर्षात पॅड संपतात, मग पॅडच्या पाठीचा पत्रा रोटर खातो, आणि मग तेच गिऱ्हाईक सांगत सुटतं की डिस्क ब्रेक बेकार.

रेझिन घ्यायचे की मेटल, हे आधी रोटरला विचारायचं. शिमानोच्या स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं चक्क लिहिलेलं असतं. त्याचं पोलाद मऊ असतं आणि मेटल पॅड त्याला कानशीसारखे खरवडतात. माझ्या रोटरवर ते लिहिलेलं होतं, काकांच्या तेलाखाली. तशी अट नसेल तर हिशेब असा: शहरात, कोरड्यात रेझिन. गप्प असतो, पहिल्या दाबाला लगेच पकडतो. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या लाल चिखलात मात्र तो पेन्सिलीसारखा झिजतो. तिथं मेटल टिकतो, उष्णताही जास्त सोसतो, पण आवाज करतो आणि थंड असताना जरा आळशी असतो. उष्णता म्हणजे किती? सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो, आणि सिंहगडासारखा सुमारे ६०० मीटरचा उतार. ही जवळजवळ ५०० किलोज्यूल ऊर्जा झाली. दीड लिटर पाणी उकळेल एवढी. बरीचशी वारा नेतो, पण हळू उतरणाऱ्याची बहुतेक सगळी त्या दोन पातळ चकत्यांत जाते. वजन जास्त असेल तर पॅडवर पैसे घालण्याआधी पुढचा रोटर १६० चा १८० मिलिमीटर करावा: त्याच दाबाला साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो. त्यासाठी अडॅप्टर लागतो, आणि फोर्कला तेवढा रोटर चालतो का ते बघावं लागतं.

बसवताना जुने पॅड आत असतानाच, मधे प्लॅस्टिकचा टायर लिव्हर घालून पिस्टन मागे ढकलायचे. स्क्रूड्रायव्हरनं ढकललं तर पिस्टनचा कपचा उडतो. मग पॅड अडकवणारी स्प्लिट पिन सरळ करून ओढायची, जुने पॅड आणि मधली स्प्रिंग बाहेर, नवे पॅड स्प्रिंगसकट आत. स्प्रिंगचा पाय पॅड आणि रोटरच्या मधे आला नाही ना, ते डोळ्यांनी बघायचं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला बोट लावायचं नाही. चाक काढलेलं असताना कोणालाही लिव्हर दाबू द्यायची नाही, विशेषतः भाच्याला. शेवटी कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करायचे, लिव्हर दाबून धरायची, तशीच धरून बोल्ट आवळायचे. चाक फिरवून कान लावायचा. पॅडचं अस्तर अर्ध्या मिलिमीटरवर आलं की हा सगळा खेळ पुन्हा. शिमानोचा रोटर नवा असताना १.८ मिलिमीटर जाड असतो, १.५ झाला की त्यालाही निरोप.

एवढं करूनही नवे पॅड लगेच धरत नाहीत. मध्यम वेग घ्यायचा, ब्रेक दाबून चालण्याच्या गतीपर्यंत यायचं, सोडायचं. असं वीसेक वेळा. मग जरा जास्त वेगानं दहाएक वेळा. पूर्ण थांबायचं नाही, चाक लॉक होऊ द्यायचं नाही. पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा चढतो, तेव्हा कुठे ब्रेक ब्रेक होतो. हे सोसायटीच्या मागच्या गल्लीत केलं. पंचविसाव्या फेरीला वॉचमननं विचारलं, “साहेब, काही हरवलंय का?”

परवा दुपारी अवेळी सर आली. भिजत, सव्वादोनला फाटकातून आत वळलो. रोटर ओला असला की पहिल्या दोन-चार दाबांना तो ओरडतोच. पाणी उडालं की गप्प होतो, त्याला औषध नाही आणि लागतही नाही. माझा ओरडला. तळमजल्याची खिडकी उघडली.

“अरे, परत सुरू झालं का तुझं?” काका म्हणाले. “थांब, आलोच.”

सायकल सध्या तिसऱ्या मजल्यावर असते. हॉलमध्ये, टीव्हीच्या पुढ्यात. लिफ्टमध्ये ती एका चाकावर उभी करून न्यावी लागते, आणि ब्रेक असा कलला की लिव्हरमध्ये राहिलेली हवा होजमध्ये जाऊन लिव्हर मऊ लागते, तो पुन्हा वेगळा ताप.