झिरो माईल ते झिरो-झिरो

मी एमआयएसमध्ये, म्हणजे कंपनीचे रिपोर्ट काढणाऱ्या खात्यात आहे. म्हणजे नेमकं काय करतो हे लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझ्या सासऱ्यांना कळलेलं नाही, ते लोकांना सांगतात जावई कम्प्युटरवर बसतो, आणि तेवढं खरंच आहे. आमची कंपनी पाईप, मोटरपंप, ठिबकचं सामान विकते, विदर्भभर डीलर आहेत, थोडे तेलंगणात, थोडे छत्तीसगडात, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला मी सेल्स रिपोर्ट काढतो. वर चार मोठे आकडे, मधे बार चार्ट, खाली टेबल. चार वर्षं सगळं सुखात चालू होतं.

मग एप्रिलमध्ये साहेब पुण्याला कुठल्याशा कॉन्फरन्सला गेले. तिथून माणूस एक तर बॅग घेऊन येतो नाहीतर आयडिया. साहेबांनी दोन्ही आणलं. बॅग स्वतःला ठेवली.

"अरे, आपल्या रिपोर्टात मॅप पाहिजे," म्हणाले. "इंटरॅक्टिव्ह. जिल्ह्यावर बोट ठेवलं की तालुका उघडला पाहिजे, तालुक्यावर ठेवलं की डीलर. दोन दिवसांचं काम आहे ना?"

मी "हो सर" म्हणालो. एसीत बसलेला माणूस कशालाही हो म्हणतो, बाहेर ४४ डिग्री होतं.

आता आमच्या बीआय टूलमध्ये, म्हणजे आकड्यांचे चार्ट काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मॅपचं बटण खरंच आहे. ते दाबायचं, गावाच्या नावाचा कॉलम त्यात ओढायचा, की टूल ती नावं कुठल्यातरी सर्व्हरला पाठवतं आणि सर्व्हर सांगतो हे गाव इथं आहे. मी ओढला. दोन सेकंदांत गोळे उमटले आणि मला वाटलं आज पाच वाजताच घरी. मग जवळून पाहिलं. आमचा वाडीचा डीलर, अमरावती रोडवरचा, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, तो कर्नाटकात वाडी जंक्शनला जाऊन बसला होता. पारडीचा माणूस गुजरातच्या वलसाड जिल्ह्यातल्या पारडीत. आणि हैदराबादचा आमचा सगळ्यात जुना डीलर सरळ पाकिस्तानात, कारण सिंधमध्येही हैदराबाद आहे आणि सर्व्हरला कोणी सांगितलंच नव्हतं की आपलं कोणतं. मी घाईघाईत स्क्रीन मिनिमाइझ केली, मागून अकाउंटवाल्या मॅडम चालल्या होत्या, म्हटलं उगाच चौकशी नको लागायला.

तर गावापुढे जिल्हा, राज्य, देश असं सगळं लिहायला लागतं हे कळलं. ते लिहायला डीलर मास्टर, म्हणजे सगळ्या डीलरांच्या नाव-पत्त्यांची यादी, उघडला आणि तिथं खरी मजा होती. नागपुरात पत्ता हा प्रकार नसतोच, चौक असतो आणि चौकापासून पुढचं वर्णन असतं. "जुन्या पाण्याच्या टाकीमागे". "पिंपळाच्या झाडाजवळ, गिट्टीखदान". "नाक्याच्या थोडं पुढे, कोणालाही विचारा". हे शेवटचं आमच्या ऑफिशियल मास्टरमध्ये पत्ता क्रमांक दोनच्या रकान्यात होतं, आणि बरोबरच आहे, कोणालाही विचारलं तर सांगतात, फक्त सर्व्हर तिथं उतरून पानठेल्यावर विचारू शकत नाही. पिनकोड टाकून पाहिला तर काटोलकडचे सगळे, गावं वेगळी असली तरी, ४४१३०२ च्या मधोमध एकावर एक रचले गेले. सतरा डीलर, एक गोळा.

डिस्पॅचचे काका मागे उभे राहून पाहत होते. बत्तीस वर्षं झाली त्यांना कंपनीत, सगळे रूट तोंडपाठ. "काय करून राह्यला रे?" म्हटलं काका, डीलर कुठे आहेत ते नकाशावर आणतोय. "कायले? मले विचार ना. सांगतो."

काकांना रिपोर्टमध्ये घालता येत नाही हा प्रॉब्लेम होता.

मग ठरलं की नावंगिवं नको, थेट अक्षांश-रेखांश घ्यायचे. सेल्सच्या पोरांना ग्रुपवर मेसेज टाकला, प्रत्येक डीलरच्या दुकानात उभं राहून लोकेशन पाठवा. आठ दिवसांत दोनशेच्या वर लोकेशन आले. एका पोराचे अकरा डीलर अगदी एकाच जागी निघाले, दशांशानंतर चार आकडे जुळत होते, म्हणजे फरक दहा-अकरा मीटरच्या आतला. झूम केलं तर तर्री-पोह्याचा ठेला. त्याला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणतो, "भाऊ, तिथं नेटवर्क चांगलं येते." मी साहेबांना सांगितलं नाही. पोहे खरंच चांगले मिळतात तिथं.

आकडे टेबलात टाकले, मॅपवर ओढले, आणि मॅप जवळपास रिकामा! आमचे मोठे मोठे डीलर गायब, वर्षाला एक मोटर नेणारे किरकोळ लोक तेवढे बरोब्बर जागेवर, आणि पाच-सहा जण जपानच्या पूर्वेला प्रशांत महासागरात. दीड दिवस गेला हे समजायला. टूलला आकडा दिसला की ते बेरीज करतं, त्याचा स्वभावच तो. अक्षांश हाही त्याच्यासाठी आकडाच. ज्याचं एक बिल तो २१ वर, म्हणजे नागपुरात. ज्याची दोन बिलं त्याचे २१ अधिक २१ म्हणजे ४२, रेखांश ७९ दुणे १५८, गेला समुद्रात. आणि ज्याची पाच बिलं त्याचा अक्षांश १०५. अक्षांश ९० ला संपतात. तिथं ध्रुव आहे, त्याच्यापुढे पृथ्वीच नाही. म्हणजे जितका गिऱ्हाईक चांगला तितका तो पृथ्वीच्या बाहेर. एका मेनूत जाऊन "बेरीज करू नको" एवढं निवडायचं होतं.

निवडलं. तरी ३८ डीलर नॉर्वेत.

आता याला मात्र मीच जबाबदार. मोबाईलवर लोकेशन उघडलं की आधी अक्षांश येतो मग रेखांश, शाळेत भूगोलाच्या बाईंनीही तसंच शिकवलेलं. पण नकाशाची जी जीओजेसन नावाची फाईल असते तिच्यात आधी रेखांश लिहायचा असा नियम आहे, २०१६ सालच्या स्टँडर्डमध्ये तसं चक्क लिहून ठेवलंय. मी बरीचशी यादी मोबाईलवरून टाकली आणि बाकीची फाईलमधून चिकटवली, दोन्हींचे कॉलम तेच समजून. नागपूर साधारण २१ अक्षांश, ७९ रेखांश. उलटं केलं की ७९ अक्षांश, २१ रेखांश, म्हणजे स्वालबार्ड, उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं, जिथं पांढरी अस्वलं हिंडतात. रात्रीचा एक वाजलेला, मे महिना, कुलरचं पाणी संपलेलं, आणि स्क्रीनवर नरखेड, उमरेड, रामटेकचे आमचे डीलर बर्फात बसलेले. खरं सांगू, मला त्यांचा हेवा वाटला.

मधेच साहेबांचा फोन, नुसते गोळे नको, जिल्हे रंगवलेले पण पाहिजेत. नेटवरून जिल्ह्यांच्या सीमांची फाईल उतरवली, ती निघाली २०११ च्या जनगणनेच्या वेळची. महाराष्ट्रात ३५ जिल्हे. पालघर २०१४ ला झाला, त्यामुळे तो अजून ठाण्याच्या पोटात, आणि तेलंगणाचा तर जन्मच नाही. नवीन फाईल शोधली, रंगवलं, तर सगळ्यांची नजर आधी गडचिरोलीवर. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरचा जिल्हा, लालभडक. तिथं आमचे डीलर दोन. आणि मुंबई शहर १५७ चौरस किलोमीटर, त्यावर बोट ठेवायचं तर नख वाढवावं लागेल. साहेब म्हणाले गडचिरोलीत खूप स्कोप दिसतोय. म्हटलं सर, ते जंगल आहे.

शेवटी मीटिंग. मोठी टच स्क्रीन, एमडी साहेब स्वतः हजर. मी सांगायला सुरुवात केली आणि एमडी उठून स्क्रीनजवळ गेले, म्हणाले, "यात आपलं गाव दिसते का?" त्यांचं गाव मौद्याकडे. सापडलं. मग परचेस हेडचं कळमेश्वर. मग कोणाची सासुरवाडी, कोणाचं शेत, कोणाचा प्लॉट जो समृद्धी महामार्गात गेला असता पण थोडक्यात वाचला आणि त्याचं त्या माणसाला अजून दुःख आहे. पंचवीस मिनिटं झाली, विक्रीचा एक आकडा कोणी पाहिला नाही. आणि या सगळ्यात कोणाचं तरी बोट उमरेडच्या गोळ्यावर पडलं, आणि इंटरॅक्टिव्ह असल्यामुळे वरचे सगळे आकडे फिल्टर लागून नुसत्या उमरेडचे झाले. एमडींनी वर पाहिलं. साडेचार कोटीचे अकरा लाख! खोलीत एकदम शांतता. फायनान्सवाल्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. मी धावत जाऊन रिकाम्या जागी बोट लावलं, कोटी परत आले, पण तेवढ्या दहा सेकंदांत साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं इन्क्रिमेंट मला डोळ्यांसमोर दिसलं, तेही फिल्टर लागलेलं.

आटोपत आलं होतं. तेवढ्यात एमडींनी दोन बोटांनी नकाशा लहान केला, भारत लहान झाला, आफ्रिका आली, आणि आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात एक एकटा गोळा.

"हा कोण?"

मला माहीत होता तो. शून्य अक्षांश, शून्य रेखांश. रकाना रिकामा राहिला की आमच्या एक्सेलच्या फॉर्म्युल्यात शून्य पडतं, आणि शून्य-शून्य म्हणजे गिनीचं आखात, तिथं जमीन नाही, जगभरचे हरवलेले पत्ते तिथंच जमतात, नकाशावाले त्याला गमतीनं नल आयलंड म्हणतात. मी आपला सांगायला लागलो की सर आपल्या नागपुरात झिरो माईलचा खांब आहे ना, घोडेवाला, तसा हा पण झिरोच, फक्त... कोणी हसलं नाही. म्हटलं सर, एका डीलरचं लोकेशनच मिळालं नाही, सेल्सला माहीत नाही, मास्टरमध्ये पत्ता नाही, फोन लागत नाही.

साहेब म्हणाले बोलवा डिस्पॅचच्या काकांना.

काका आले, चष्मा वर केला, स्क्रीनवर नाव वाचलं. "हा ना जी? हा तर गेला दोन वर्षांपूर्वी दुकान बंद करून. कुठं गेला कोणालेच पत्ता नाही. सात लाख बुडवले त्यानं आपले."

एमडी थोडा वेळ त्या निळ्या समुद्राकडे पाहत राहिले.

"मग नकाशा बरोबर आहे," म्हणाले. "राहू दे त्याला तिथंच."