सरासरी काढा, शंका काढू नका

मुलांना आकड्यांवर विचार करायची खोड फार लवकर लागते, म्हणून उपचार प्राथमिक शाळेतच सुरू करावेत. पहिलं पथ्य : माहिती त्यांना गोळा करू देऊ नका. स्वतः मोजायला गेली की कुणी उत्तर देत नाही, कुणी थापा मारतं, आणि ‘घरात माणसं किती?’ यात परगावी शिकणारा दादा धरायचा की नाही, यावरून वर्गात जुंपते. ही भांडणं म्हणजेच संख्याशास्त्र, असं म्हणणारी माणसं आहेत. त्यांच्या नादी लागू नका. फळ्यावर तयार आकडे लिहा.

समजा, शाळेत पोचायला पाच मुलींना १०, १०, १२, १३ आणि ५५ मिनिटं लागतात. बेरीज १००, भागिले ५, सरासरी २०. खाली दोन रेघा. तेवढ्यात एखादी आगाऊ बोलेलच, “पण बाई, वीस मिनिटं तर कुणालाच लागत नाहीत!” तिला खाली बसवा. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १२ येतो, पण तो पुढच्या धड्यात आहे. आणि दोन्हींत एवढं अंतर का पडलं, हे तर कुठल्याच धड्यात नाही.

संभाव्यतेसाठी नाणं शंभरदा फेकून नोंद आणायला सांगा. बरीच मुलं नाण्याला हातही न लावता छापा-काटा-छापा-काटा अशी देखणी नोंद आणतील. त्यांना शाबासकी. एखादं खुळं मात्र खरोखरच फेकत बसेल आणि त्याच्या वहीत सलग सहा छापे निघतील. तिथे लाल शाईने ‘लबाडी’ लिहा. (शंभर फेकींत कुठेतरी सलग पाचदा एकच बाजू पडण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त असते. पण शेरा एकदा दिला की दिला.)

नमुन्याबद्दल, म्हणजे सगळ्यांऐवजी ज्या थोड्यांना विचारायचं त्यांच्याबद्दल, ‘जितका मोठा तितका खरा’ एवढं घोकून घ्या. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ मासिकाने लोकांचा कौल घेतला, २० लाखांहून जास्त मतपत्रिका भरून परत आल्या, मासिकाने रूझवेल्टविरुद्ध लँडन जिंकणार म्हणून सांगितलं आणि ४८पैकी ४६ राज्यं रूझवेल्टने नेली. पत्ते बरेचसे टेलिफोनवाल्यांचे आणि मोटारवाल्यांचे होते. ही गोष्ट वर्गात नको. उद्या मुलं विचारतील, आपल्या सर्वेक्षणात कोण सुटलं?

राहिली ती ५५ मिनिटंवाली. ती उशिरा आली की दाराबाहेर उभी करा. वर्गाची सरासरी २० असताना तिला एवढा वेळ लागतोच कसा?