पावसाळा कोण काढतो?

कोकणातल्या आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाने ठराव केला आहे. गावाच्या वेशीवर बोर्ड लागणार: 'या गावातील जमिनी परप्रांतीयांना विकल्या जाणार नाहीत.' ठराव एकमताने मंजूर झाला, दादरच्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी, बटाटेवडा आणि चहा झाल्यावर. गावात राहणारे किती जण हजर होते असं मी चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, त्यांना काय विचारायचं? विकणारे तेच तर आहेत." ठरावाच्या पुढच्या परिच्छेदात दलालांचा उद्धार आहे. गावची माती विकून खाणारे, आईला बाजारात बसवणारे, वगैरे.

मी दलाल आहे, लायसन्सवाली. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, नॉर्थईस्ट किंगडम म्हणतात त्या भागातल्या एका खेड्यात राहते आणि घरं, शेतं, जंगलाचे तुकडे विकते. त्यामुळे ते 'आईला बाजारात' माझ्या चांगलंच अंगाला लागलं. मंडळाला माझा धंदा माहीत आहे, गणपतीच्या वर्गणीची पावती मला नियमित येते. तरी कोणाला जीभ चावावीशी वाटली नाही.

माझ्या या अख्ख्या राज्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा कमी माणसं राहतात, साडेसहा लाखांच्या आतबाहेर. साधारण दर सहा घरांतलं एक घर वर्षातला बराच काळ बंद असतं. बॉस्टन, न्यूयॉर्क, कनेटिकटची माणसं जुलैत तळ्यावर येतात, ऑक्टोबरात पानं बघायला येतात, फेब्रुवारीत स्कीइंगला येतात आणि पाइप गोठू नयेत म्हणून पाणी काढून टाकून निघून जातात. आमचा चाकरमानी गणपतीत येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आंबे खायला येतो आणि पहिल्या पावसाच्या आत गाडी पकडतो. मला तरी यात फरक दिसत नाही, आणि मी दोघांनाही जवळून बघितलंय.

धंद्यातली एक गोष्ट सांगते. नवख्या एजंटला वाटतं, घर ऑक्टोबरात दाखवावं. डोंगर लाल-केशरी पेटलेला, अंगणात भोपळे, गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधीच हो म्हणतं. मी जमेल तिथे एप्रिलमध्ये बोलावते. बर्फ वितळलेला असतो आणि कच्च्या रस्त्यावर चाकाएवढे खोल चर पडलेले असतात. एकदा बॉस्टनच्या एका जोडप्याची सुबारू टेकडीच्या चढावर दाराच्या खालच्या कडेपर्यंत रुतली. नवरा लोकरी कोट घालून आलेला, पायात शहरी बूट. मी फोन केला तसा शेजारचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. गाडीखाली वाकून त्याने साखळी लावली, गाडी ओढली, साखळी गुंडाळली आणि "अजून दोन आठवडे असंच" एवढंच बोलून गेला. नवऱ्याने पैसे काढले होते, ते हातातच राहिले. त्यांनी घर घेतलं नाही. ज्यांनी पुढे घेतलं, त्यांनी ते नोव्हेंबरात पाहिलं होतं, म्हणजे झाडं उघडी, आभाळ राखाडी, बर्फाचा पत्ता नाही. ते अजून आहेत, बाई तर ग्रंथालयाच्या समितीवर आहे.

कुडाळ-मालवणकडच्या एजंटांना माझा फुकटचा सल्ला आहे. बंगल्याचं गिऱ्हाईक जुलैत आणा. तीन दिवस लाईट नाही, व्हाळ म्हणजे ओढा साकवावरून वाहतोय, भिंतीला बुरशी, न्हाणीत गोम. त्यानंतरही जो टोकन देईल तो सुरतेचा असो की सोलापूरचा, त्याला जमीन द्या आणि पालखीला खांदा द्यायला बोलवा. पण सगळे विकतात मे महिन्यातलं कोकण. मंडळही तेच कोकण वाचवायला निघालंय.

चुलतभाऊ म्हणतो, तुमच्याकडे कायदे कडक आहेत म्हणून तुला बोलायला सोपं. खरंय, आहेत. १९६०च्या दशकात नवे हायवे झाले, दक्षिण व्हर्माँटच्या स्की-डोंगरांवर सेकंड होमचे प्लॉट भराभर पडायला लागले, विहिरी आणि सांडपाण्याचे घोळ झाले. तेव्हा डीन डेव्हिस नावाच्या, विमा कंपनीतून आलेल्या रिपब्लिकन गव्हर्नरने १९७० मध्ये अॅक्ट २५० आणला. मोठं काही बांधायचं तर जिल्हा आयोगापुढे जायचं आणि पाणी, माती, रस्ता, शाळा, देखावा या सगळ्यांचं उत्तर द्यायचं. आम्ही एजंट त्या कायद्याच्या नावाने बोटं मोडतो आणि त्यानेच राखलेला देखावा ब्रोशरवर छापतो. रस्त्याकडेच्या जाहिरातीच्या बोर्डांवर तर इथे १९६८ पासून बंदी आहे, मंडळाची पंचाईत झाली असती. २०२४ पासून आणखी एक: बारमाही न राहण्यासाठी घर घेतलं आणि ते वर्षभराच्या भाड्यानेही दिलं नाही, तर हस्तांतर कर ३.४ टक्के. स्वतः राहणाऱ्याला त्याच्या निम्म्याहून कमी. घेणारा कुठला, हे तिथे कोणी विचारत नाही. आमच्या गावात हा कर बसवला तर पहिली नोटीस कोणाला जाईल? आमच्या वाडीतल्या कुलूपबंद घरांच्या चाव्या डोंबिवली, ठाणे, विरारच्या किचनमध्ये खिळ्याला टांगलेल्या आहेत. परप्रांतीय म्हणावा तर एक सुरतेचा व्यापारी, त्याने आजवर घेतलंय ते एक कातळ.

कायदा आपल्याकडेही आहेच. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. शेजारच्या गोव्याने २०२३ मध्ये भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला देण्यावर बंदी घालणारा वेगळा कायदा केला. मग कुठून तरी शेतकरी दाखला येतो, जमीन एन.ए. म्हणजे बिगरशेती होते, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

गाव खरं कधी भडकतं, ते मी इथे पाहिलंय. एका म्हाताऱ्याचं डोंगरउतारावरचं शेत मी विकलं. दूध परवडेना, गाई आधीच गेल्या होत्या, मुलं बाहेर. घेणारं जोडपं न्यू जर्सीचं. म्हाताऱ्याने एकच अट घातली: मेपलच्या झाडांना रसासाठी टोचायचा हक्क तो जिवंत असेपर्यंत त्याचा. वकिलाने तसं खरेदीखतात लिहिलं. मार्चमध्ये रात्री गोठण आणि दिवसा ऊन पडायला लागलं की तो अजून येतो. मीही जाते. शुगरहाउसमध्ये भट्टीपाशी एवढी वाफ असते की समोरचा माणूस दिसत नाही, चष्मा पुसून पुसून कंटाळा येतो. चाळीस गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन पाक होतो, त्यामुळे घाई चालत नाही आणि गप्पांना ऊत येतो. बर्फावर ओतलेला गरम पाक, सोबत आंबट काकडी आणि डोनट. आमच्या गुऱ्हाळाची काकवी मला जास्त आवडते, पण हे तिथे बोलायचं नसतं.

तर शेत परक्याला विकलं म्हणून गावात चकार शब्द निघाला नाही. पहिल्याच शरदात नव्या मालकाने हद्दीवरच्या झाडांना 'पोस्टेड'च्या, म्हणजे शिकारीला मनाईच्या, पाट्या ठोकल्या आणि जनरल स्टोअरमध्ये त्याच्याशी बोलणं बंद झालं. इथे कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकारीला जायची मुभा १७७७ च्या राज्यघटनेपासून आहे. पाटी लावता येते, पण तीवर दरवर्षी तारीख घालायची आणि गावचं दप्तर सांभाळणाऱ्या टाउन क्लार्ककडे नोंद करायची, म्हणजे नको म्हणायला निदान वर्षातून एकदा तोंड दाखवायला लागतं. दोन हिवाळ्यांनी त्याने पाट्या काढल्या. मार्चच्या टाउन मीटिंगला, म्हणजे गावसभेला, जेवणाच्या टेबलावर त्याच्या घरचा बीन्सचा टोपही आला.

आमच्याकडे सुरतवाल्याच्या कातळावर चिरेबंदी गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, झाला, गेट लागलं, व्हाळाकडची पायवाट बंद झाली. देवाची वाट तीच. बायकांना आता वळसा पडतो. पायवाटेबद्दल ठरावात एक ओळ नाही. कारण ज्यांनी ठराव केला त्यांना ती वाट वर्षातून एकदा लागते, तीही बहुधा रिक्षाने.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. माझ्या गावच्या शाळेतल्या शिक्षिकेला गावात घर परवडत नाही, ती पस्तीस मैलांवरून येते. किमती वाढवणाऱ्यांत माझाही हात आहे आणि कमिशन मी परत केलेलं नाही. ही जमीन मुळात इथल्या अबेनाकी आदिवासींची, त्यांचा बोर्ड लावायला कोणी बोलावलं नव्हतं. हे मी चुलतभावाला सांगत नाही. त्याला फक्त टाउन क्लार्कची तिजोरी सांगते: अर्ज-विनंती न करता आत जा, दप्तर काढा, चाळीस वर्षांचे व्यवहार दुपारपर्यंत तपासून होतात. आणि आमचा सातबारा? त्यावर माझे पणजोबा अजून जमीन कसतात.

त्या सातबाऱ्यावर बाबा गेल्यावर वारस म्हणून माझंही नाव लागलं. सामाईक जमीन, एकोणीस नावं, पोटहिस्से कागदावर नाहीत. आणि मी अमेरिकन नागरिकत्व घेतलेलं. भारतात मी एक गुंठा शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. वारसाने आलेली ठेवू शकते, विकायची तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणजे बाहेरच्यांची यादी करायची झाली तर सुरतचा व्यापारी माझ्या खाली येतो. इकडे म्हणाल, तर माझी मुलगी इथेच जन्मली तरी ती व्हर्माँटर नव्हे. गावातल्या म्हाताऱ्यांची त्यावर ठरलेली कोटी आहे: मांजर ओव्हनमध्ये व्याली म्हणून पिल्लांची बिस्किटं होत नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. आता मुलगीच ते हसून सांगते, तेव्हा मला तेवढं हसू येत नाही.

मी मंडळाला लिहून कळवलंय: बोर्ड जरूर लावा, खाली एक ओळ वाढवा. जे घर वर्षातले दहा महिने बंद, त्याला दुप्पट घरपट्टी, सुरुवात माझ्या घरापासून. त्यावर चुलतभावाचा फोन आला. चिडला की तो मालवणीवर येतो. "ताई, तू थंय बसान सांगतंस, हयसर येवन बघ." मग आवाज खाली आणून म्हणाला, हक्कसोडीचं काय केलंस?

कारण बोर्डाची सूचना मांडणारा तोच आणि बहिणींच्या हक्कसोडपत्रांसाठी मागे लागलेलाही तोच. दोघी चुलतबहिणींनी सह्या दिल्या, एकीला साडी मिळाली. माझ्यासाठी मुखत्यारपत्राचा मसुदा आलाय. कॉन्सुलेटमध्ये जायचं, साक्षांकित करायचं, पाठवायचं. जमीन कसली, तर कातळाचा उतार, आंब्याची सात कलमं, त्यातली दोन वांझ. गिऱ्हाईक असतं तर मी म्हणाले असते, सोडून द्या. असंच म्हणते मी. चार राज्यांत पांगलेली भावंडं आईच्या स्वयंपाकघरात बसतात, कोणालाच तिथे राहायचं नसतं आणि कोणालाच आधी बोलायचं नसतं. मग मी सांगते, छप्पर यंदाचा बर्फ झेलणार नाही, विका. बहुतेक वेळा ऐकतात.

चुलतभावाला मी सांगितलंय की कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळत नाहीये. अपॉइंटमेंट मिळतात, मी बघितलंय.